शिबिरात जागा नव्हती

आमच्या गावात ख्रिस्ती घरं एकवीस. गाव गिरणेच्या काठावर, भडगावच्या अलीकडे. आमचं चर्च लहान आहे. जुनी माणसं त्याला अजून देऊळच म्हणतात. आवारात कडुनिंबाची तीन झाडं, एक हापसा आणि पत्र्याचा एक हॉल. लग्न होऊन मी धुळ्याहून इथे आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. मी एका खासगी शाळेत चौथीला शिकवते, आणि सुट्टीतलं मुलांचं बायबल शिबिर माझ्याकडे आलं ते केवळ त्यामुळेच. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुले पोरे सांभाळता येतस, तूच ले." मी घेतलं.

शिबिर पाच दिवसांचं असायचं, मे महिन्याच्या सुरुवातीला. सकाळी साडेसातला सुरू करायचं आणि साडेदहाच्या आत संपवायचं, कारण त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. गाणी, एक गोष्ट, एक वचन पाठ करायचं, मग कागदकाम किंवा चित्रं, मग लिंबाचं सरबत. सरबतासाठी मुलं घरून आपापले पेले आणायची. शेवटच्या दिवशी आईवडिलांसमोर लहानसा कार्यक्रम. यापलीकडे त्यात काही नव्हतं.

सुरुवातीला मंडळीचीच, म्हणजे आमच्या चर्चच्या कुटुंबांतली, तीसेक मुलं असायची. हळूहळू लोक नाशिकला, पुण्याला, सुरतेला गेले, घरांना कुलपं लागली किंवा घरात म्हातारी माणसं उरली. मुलं बारा-तेरावर आली. त्याच सुमाराला मागच्या गल्लीतली हिंदू शेतकरी कुटुंबांतली मुलं कुंपणावर बसून आमची गाणी ऐकायची. एक दिवस मी त्यांना म्हटलं, उन्हात भिंतीवर कशाला बसता, आत या. मी बोलावलं, हे खरं आहे. या मुलांना कुणी बोलावलं, हे पुढे मला विचारलं गेलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्यांच्यात एक मुलगी होती. मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या वहिनी आहेत, त्यांची धाकटी. या वहिनींशी माझी मैत्री जुनी. माझे ब्लाउज त्याच शिवतात, पण मैत्री त्यामुळे झालेली नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी शाळेत असायचे, त्या वेळात वहिनी आपलं मशीन सोडून त्यांच्याजवळ येऊन बसायच्या. सासूबाई गेल्या तेव्हा तीन दिवस आमच्या घरी जेवण त्यांच्या घरून आलं. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला बाई म्हणतात.

मुलगी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा आली, कुणाचा तरी हात धरून. त्यानंतर दर वर्षी पहिल्या दिवशी सर्वांत आधी फाटकात हजर. मुलं गोष्ट ऐकतात आणि विसरतात, ही विसरायची नाही. उलट प्रश्न विचारायची, आणि तिचे प्रश्न असे असायचे की मला रात्री पुस्तक काढून बसावं लागे. त्या वर्षी ती दहा वर्षांची होती. आम्ही नोहाच्या तारवाची गोष्ट घेतली होती. पुठ्ठ्याचं मोठं तारू करायचं आणि प्रत्येकाने प्राण्यांची एक जोडी करून त्यात ठेवायची, असं ठरलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाई, नोहाने मासे घेतले होते का?"

"नाही घेतले."

"मग बरोबर. मासे बुडत नाहीत."

बाकीच्या मुलांनी हत्ती, सिंह, मोर असे पटापट निवडले. ही म्हणाली, मी रानडुकरं करणार. एक मुलगा लगेच म्हणाला, "डुकरं नको बाई, आमचा सगळा मका खाल्ला त्यांनी." त्यावर जोरात वाद झाला. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देवाने सगळे घे म्हणून सांगितलं होतं. मका नंतर लावला." सगळे हसले. मीही हसले. तिने तपकिरी खडू घेतला आणि कामाला लागली.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिचे काका माझ्या घरी आले. त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. आमची ओळख फक्त नमस्कारापुरती. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवत म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. वहिनी तुमचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही."

मी म्हटलं, "बोला ना भाऊ."

"आज दुपारी घरी पाहुणे होते. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले. पंगत बसली आणि आमच्या पुतणीने हात जोडून, डोळे मिटून काहीतरी म्हटलं. जेवणाबद्दल आभार वगैरे. शेवटी आमेन. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघायला लागले."

मी म्हटलं, "तुमच्याकडेही जेवणाआधी श्लोक म्हणतात ना भाऊ. तसंच आहे ते."

"तसं असेल. पण मग आमचा श्लोक आहेच की. तुमचा कशाला शिकवता?"

"शिबिरात सरबत पिण्याआधी सगळेच म्हणतात. वेगळं बसवून कुणाला शिकवलं नाही."

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी आजवर विसरलेले नाही. आवाज न चढवता विचारला. म्हणाले, "एक खरं सांगा बाई. तुमच्या मनात कधी येत नाही का, की ही पोरगी आपल्यात असावी?"

नाही म्हणणं सोपं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण ती मुलगी वचन घडाघडा म्हणायची तेव्हा मला होणारा आनंद मला ठाऊक होता. मंडळीची मुलं अडखळायची आणि ही पुढे व्हायची, तेव्हा माझ्या मनात जे येऊन जायचं तेही ठाऊक होतं. मी म्हटलं, "येतं कधी कधी. खोटं कशाला सांगू? पण तिला मी तसं कधी बोलले नाही, आणि तिच्या आईला न विचारता कधी काही केलं नाही."

त्यांनी मान हलवली. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. दारातून जाताना एवढंच म्हणाले, "खरं बोललात, बरं वाटलं." ते रागावून गेले की समाधानाने, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. हे माझं बोलणं मी कुणाला सांगितलं नाही, आमच्या चर्चच्या पाळकांनाही नाही. असं बोलायला नको होतं, अशी मला धास्ती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शिबिर नेहमीसारखं झालं. म्हणजे मला तसं वाटलं. दुपारी दीड वाजता माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी पाठवला होता, खाली काहीच लिहिलं नव्हतं. कुणीतरी कुंपणाबाहेरून काढला होता. पत्र्याच्या हॉलची उघडी खिडकी, आत डोळे मिटून बसलेली मुलं आणि समोर उभी असलेली मी. वर अक्षरं होती, आपल्या गावात लहान मुलांसोबत काय चाललं आहे ते पाहा. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. त्यात दुसऱ्या रांगेत ती मुलगी स्पष्ट दिसत होती, बाकीच्यांपेक्षा जास्त घट्ट डोळे मिटलेली.

तासाभरात आमच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या मला नेहमी प्रेमाने वागवतात. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा धर्म तुमच्यापाशी. पण संस्थेचे लोक विचारतायत. तुमची ही गोष्ट शाळेपर्यंत येऊ देऊ नका." मी बरं म्हटलं.

चारला एक हवालदार आवारात आले. साधे गृहस्थ होते. झाडाखाली मोटरसायकल लावली, हापशावर तोंड धुतलं आणि पाळकांना म्हणाले, कुणाची लेखी तक्रार नाही, पण विचारणा झाली आहे, किती मुलं येतात, कुणाकुणाची येतात, नावं लिहून ठेवा. आमचे पाळक वयाने लहान, नंदुरबारकडचे, एकाच वेळी तीन गावं सांभाळणारे. आधीच्या एका गावात त्यांना अशाच एका गोष्टीवरून दिवसभर पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. ते त्याबद्दल कधी बोलत नाहीत, पण हवालदार गेल्यावर त्यांनी हॉलच्या सगळ्या खिडक्या स्वतःच्या हाताने लावून घेतल्या. आत कुणी नव्हतं.

सहाला मंडळीची वडील माणसं जमली. आबा सगळ्यांत मोठे, एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आबा बोलले की चर्चा संपते. कुणी म्हणालं, शिबिर बंदच करू. कुणी म्हणालं, बंद केलं तर आपण काही चूक करत होतो असं होईल. आबा खूप वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, आपले आठेच ऱ्हानं शे. आपला पोरे येवोत. दुसरास्ना पोरेस्ले घर धाड." म्हणजे, आपल्याला इथेच राहायचं आहे, आपलीच मुलं येऊ देत, दुसऱ्यांच्या मुलांना घरी पाठव.

पाळक म्हणाले, "उद्यापासूनच. फाटकावरच सांगू."

मी विचारलं, "कोण सांगणार?"

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी होकाराची मान हलवली.

इथे एक गोष्ट कबूल करते. त्यानंतर मी सगळ्यांना सांगत आले की मंडळीसाठी मी ते केलं. ते खोटं नाही. पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात मंडळी कमी होती आणि मुख्याध्यापिकांचा आवाज जास्त होता. माझी नोकरी कायम नाही. मी त्या बैठकीत एक शब्दही विरोध केला नाही. वहिनींच्या घरी जाऊन त्यांना आधी सांगावं, हे मला सुचलं होतं. घर तीन मिनिटांवर आहे. मी गेले नाही. काकांना मी जे बोलले होते त्यावरूनच हे सगळं झालं, व्हिडिओ त्यांच्याच सांगण्यावरून निघाला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आता त्या घरी कोणत्या तोंडाने जायचं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सव्वासातला मी फाटकाशी उभी राहिले. हातात हजेरीची वही होती. तिची काही गरज नव्हती, सगळ्यांना मी नावाने ओळखत होते. मंडळीची मुलं आत गेली. मग गल्लीतली मुलं आली, हातात पेले. त्यांना मी सांगितलं, "आजपासून शिबिर फक्त मंडळीच्या मुलांसाठी आहे. तुम्ही घरी जा." ती एकमेकांकडे बघायला लागली. एकाने विचारलं, "मग आमचे हत्ती?" मी म्हटलं, पाठवून देईन. ती गेली. कोपऱ्यावर जाईपर्यंत त्यांच्यात क्रिकेटचं ठरलंही. मुलांचं तसं असतं, आणि मला वाटलं, झालं, एवढंच होतं.

मग ती आली. तिला उशीर झाला होता, जे कधी होत नसे. केस ओले, वेण्या घट्ट, पाठीवर शाळेचं दप्तर. शिबिराला ती दप्तर कधी आणत नव्हती. मला बघून हसली आणि नेहमीप्रमाणे सरळ आत यायला निघाली. मी फाटकाच्या मधे उभी होते, बाजूला झाले नाही.

"बाई?"

मुलांना सांगितलं ते वाक्य मला तिला सांगता येईना. मंडळीची मुलं आणि तू, हे शब्द तिच्या तोंडावर बोलता येईनात. चार वर्षं ती आमच्यात बसली होती. मग मी म्हटलं, "आज जागा नाही बेटा. तू घरी जा."

तिने माझ्या कमरेच्या बाजूने आत पाहिलं. हॉलचं दार उघडं होतं. तिथे तीन सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि एकीवर अकरा मुलं बसली होती. दोन सतरंज्या मोकळ्या होत्या.

"मी मागे बसते," ती म्हणाली.

"नाही, जागाच नाही."

तिने दप्तर पुढे घेतलं आणि चेन उघडायला लागली. "बाई, आईने..." असं काहीतरी म्हणाली. चेन मधेच अडकली. मला वाटलं, आईने काहीतरी खायला पाठवलं असेल, आता ती ते देणार, आणि ते मला घ्यावं लागणार. मी घाईने म्हटलं, "उद्या बघू. ऊन वाढेल, जा तू." आणि फाटक ओढून घेतलं. माझ्या हाताने कडी लावली.

ती रडली नाही. काही वेळ उभी राहिली, मग गेली. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांकडे न बघता सरळ घराकडे गेली.

आत येऊन मी गोष्ट सांगायला लागले, ती मला सांगता आली नाही. पाळकांना म्हटलं, माझं डोकं दुखतंय, तुम्ही गाणी घ्या. मी मागच्या बाजूला जाऊन बसले. दर नाताळात मुलांचं नाटक मीच बसवते. दिवस भरलेल्या बाईला दारातून परत पाठवणाऱ्या धर्मशाळेच्या मालकाचं काम करणाऱ्या मुलाला मीच शिकवते, की दारात उभा राहा, हात आडवा कर आणि मोठ्याने म्हण, जागा नाही. कितीदा तरी शिकवलं असेल. मुलं ते काम घ्यायला तयार नसतात. मी त्यांना समजावते की कुणीतरी करायलाच हवं.

दुपारी वहिनी आल्या. उन्हातून आल्या होत्या, पदर डोक्यावर. मी दार उघडलं, त्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. हातात एक घडी केलेला कागद होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे ती सकाळी तुम्हाला देणार होती."

वहीतून फाडलेलं पान होतं. वहिनींच्या अक्षरात लिहिलं होतं, आमची मुलगी आमच्या माहितीत आणि आमच्या मर्जीने शिबिराला जाते. तिथे काय शिकवतात ते आम्हाला माहीत आहे. आमची काही तक्रार नाही. खाली वहिनींची सही, त्यांच्या यजमानांची सही. आणि त्याखाली तिसरी सही, काकांची, दुकानाच्या शिक्क्यासहित.

मी तो शिक्का बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "काल तो व्हिडिओ आला तर भाऊजीच म्हणाले, लिहून द्या. बाईंकडे उद्या कुणी विचारायला आलं तर त्यांच्या हातात कागद असावा. मी पण सही करतो म्हणाले. मी विचारलं, तुम्ही तर कालपर्यंत चिडला होता. ते म्हणाले, ती बाई तोंडावर खरं बोलते, अशा माणसाला घाबरायचं कारण नाही."

मी म्हटलं, "वहिनी, काल इथे पोलीस आले होते. आबांनी सांगितलं..."

"ते सगळं मला कळतं बाई. तुम्हाला भीती वाटली, ते कळतं. आम्हाला पण वाटली. म्हणून तर लिहिलं." त्या माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलतात, पण आता घरची भाषा आली. "तुम्ही मना घर येवाले पाहिजे व्हतं. मी का परकी शे तुमले? पोरगी सकायपासून बठी शे. रडस नही, खास नही. एकच इचारस, जागा व्हती तरी बाई नही का म्हनन्यात?"

मुलगी सकाळपासून नुसती बसून आहे, रडत नाही, खात नाही, एकच विचारते आहे की जागा होती तरी बाई नाही का म्हणाल्या. मी म्हटलं, चूक झाली. त्या म्हणाल्या, "मला नका सांगू. तिला सांगा." आणि गेल्या. कागद तिथेच राहिला.

मी तो कागद घेऊन तशीच आबांकडे गेले. आबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे पाणावले होते, हे मी पाहिलं. म्हणाले, "भला लोक शेतस." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पन बाकी आठ पोरेस्ना कागद कोठे शेतस? एकलीले घिदं तर त्या काय म्हनतीन?" एकटीलाच घेतलं तर बाकीच्या आठ मुलांच्या घरचे काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाकीच्यांकडूनही लिहून आणते. आबा म्हणाले, "आते नही पोरी. आते थंड होऊ दे." आबांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी या गावात माझ्यापेक्षा जास्त काळ काढला आहे.

संध्याकाळी मी वहिनींच्या घरी गेले. त्यांच्या यजमानांनी या म्हटलं. वहिनींनी चहा केला, कप समोर ठेवला आणि मशीनवर जाऊन बसल्या. मुलगी आतल्या खोलीत होती. दोनदा हाक मारली तिला, ती बाहेर आली नाही. तिला उद्या ये म्हणून सांगायला मी आले असते तर मी आत गेलेही असते. पण माझ्याकडे द्यायला तसं काही नव्हतं. पडद्यापाशी उभं राहून मी मोठ्याने म्हटलं, "माझं चुकलं बेटा." मशीन चालू होतं, त्यात तिला ऐकू गेलं की नाही, ते कळलं नाही. काका दारात भेटले. त्यांनी नमस्कार केला, मी केला. ते काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी कार्यक्रम झाला, खिडक्या लावून. पत्र्याखाली आईबापांचा जीव कासावीस झाला, तरी कुणी खिडकी उघडा म्हणालं नाही. तारू मोठं सुंदर झालं होतं. रानडुकरांची जोडी मी त्यात ठेवली होती. एकाचं रंगवायचं अर्धं राहिलं होतं. पाळकांनी मागे लिहिलेलं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि होतं तिथेच परत ठेवलं. गल्लीतल्या मुलांचे हत्ती मी घरोघर पोचवले. ही जोडी मात्र वहिनींच्या घरी द्यायचा धीर झाला नाही.

व्हिडिओचं पुढे काहीच झालं नाही. आठ दिवसांत गावात दुसरा विषय आला. हवालदार परत आले नाहीत. शाळेत जूनमध्ये कुणी त्याचा उल्लेखही केला नाही. ज्याची एवढी भीती घेतली होती ते आलंच नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं. काही झालं असतं तर निदान मला कारण मिळालं असतं.

पुढच्या वर्षी शिबिर घेतलं ते तीन दिवसांचं, छापील अर्जासह. अर्जावर आईवडिलांची सही आणि मंडळीच्या सभासदत्वाचा क्रमांक. नऊ मुलं होती. ती शहाण्यासारखी बसली, कुणी काही विचारलं नाही, वचनं पाठ झाली, सरबत उरलं. पाळक म्हणाले, या वेळी शांततेत पार पडलं. मी हो म्हटलं. घरी येऊन मी पाळकांना चिठ्ठी लिहिली की यापुढे मला हे जमणार नाही, तब्येतीमुळे. तब्येत चांगली होती. आता पाळकांच्या पत्नी घेतात शिबिर. चांगलं घेतात.

वहिनींचं माझं बोलणं बंद झालं नाही. त्या तशा बाई नाहीत. रस्त्यात भेटल्या की थांबतात, भाजीचं विचारतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात. पण दिवाळीला फराळाचं ताट आमच्याकडे यायचं ते त्या वर्षी आलं नाही. मीही नाताळात करंज्या पाठवल्या नाहीत. कुणी पाठवायचं पहिल्यांदा, हे दोघींनाही कळत नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, दार वाजलं. मुलगी होती. बारा वर्षांची झाली होती, उंच झाली होती, हातात रुमालाने झाकलेलं ताट. मी रस्त्यात तिला सायकलवरून जाताना बघायचे, ती नमस्कार बाई म्हणून पुढे जायची. दारात उभी राहून ती म्हणाली, "आईने दिलंय." मग म्हणाली, "आत येऊ का?"

हे तिने मला कधी विचारलं नव्हतं. मी बाजूला झाले. ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली. मी ताट रिकामं करायला स्वयंपाकघरात गेले, तिथे उगाच वेळ लावला, डबे उघडले, झाकले. बाहेर आले तेव्हा ती तशीच बसली होती. मी तिच्या समोर बसले. इतके दिवस मनात हजारदा म्हटलेलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवेना.

मी म्हटलं, "त्या दिवशी जागा होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दोन सतरंज्या मोकळ्या होत्या."

"मी घाबरले होते."

तिने थोडा विचार केला. लहान असताना करायची तसाच. "काका पण तेच म्हणाले होते," ती म्हणाली. "पण मग तुम्ही मला तेच सांगायचं होतं ना. मी गेले असते घरी."

मी हो म्हटलं. तिला मी शंकरपाळे दिले, तिने दोन खाल्ले. शाळेचं विचारलं, तिने सांगितलं, गणित आवडत नाही, इंग्रजीच्या बाई चांगल्या आहेत. मग म्हणाली, अजून दोन घरी ताटं द्यायची आहेत. मी रिकाम्या ताटात थोडी साखर घालून दिली. तिने ताट घेतलं, दारात चपला घातल्या, आणि पुढचं ताट आणायला घरी गेली.